खोट्या साक्षीचे मोल

बॅरी लेव्हिन्सन यांचा ‘स्लीपर्स’ (१९९६) हा चित्रपट आम्ही अलीकडे पुन्हा पाहिला. लॉरेंझो कार्केटेरा यांच्या १९९५ सालच्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. पुस्तक सत्यकथा म्हणून प्रसिद्ध झाले व त्या दाव्याला पुष्कळांनी आव्हान दिले. तो वाद आम्ही बाजूला ठेवतो. आमचा प्रश्न त्यातील फादर बॉबींविषयी आहे.

न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीतील चार मुलांच्या खोडीत एक माणूस गंभीर जखमी होतो आणि त्यांची रवानगी बालसुधारगृहात होते. तेथील पहारेकरी त्यांच्यावर लैंगिक अत्याचार करतात. पुढे त्यांपैकी दोघे एका पहारेकऱ्याचा खून करतात, आणि त्यांना वाचविण्यासाठी फादर बॉबी शपथेवर खोटी साक्ष देतात. रॉबर्ट डी नीरो यांनी या धर्मगुरूची घालमेल इतकी संयमाने उभी केली आहे की प्रेक्षक आठवी आज्ञा विसरून त्यांच्या बाजूने उभा राहतो. क्षणभर आम्हीही राहिलो, हे प्रांजळपणे सांगतो.

परंतु चित्रपटातील सर्वांत प्रभावी प्रसंग या साक्षीचा नाही. उलटतपासणीत एक पहारेकरी कोसळतो व आपल्या कृत्यांची कबुली देतो, तो खरा कळस होय. सत्य स्वतःच्या बळावर न्यायालयात शिरले असता दिग्दर्शकाने पुन्हा असत्याचा आधार का घ्यावा? सुटलेले दोघेही तरुण वयातच मरण पावतात. खोटेपणाने त्यांना तुरुंगातून सोडविले, जखमेतून नव्हे.

तरीही फादर बॉबींना दोष देण्यापूर्वी त्या काळचा कायदा पाहावा. लाज आणि भीती यांनी मुलाचे तोंड वर्षानुवर्षे बंद राहते. तो बोलू लागेपर्यंत दाव्याची मुदत संपलेली असे. न्यूयॉर्कने हे दार २०१९ साली उघडले. बालपणी अत्याचार झालेल्यांना ५५ वर्षांचे होईपर्यंत दिवाणी दावा लावण्याची मुभा मिळाली, आणि मुदत उलटलेल्या जुन्या दाव्यांसाठी खास कालावधी देण्यात आला. तो ऑगस्ट २०२१ पर्यंत चालला. या सुधारणेला तेथील आमच्याच महागुरूंनी अनेक वर्षे विरोध केला होता. सरकारी संस्थांनाही तोच नियम लागू होईल हे स्पष्ट झाल्यावर तो मावळला. समान न्यायाची ती मागणी योग्यच होती. पण तिच्याआड संस्थेची भीतीही होती, हे आम्ही नाकारीत नाही.

कॅलिफोर्नियातही असाच कायदा झाला. लॉस एंजेलिस काउंटीने २०२५ साली मुख्यतः बालबंदीगृहे व बालगृह यांतील ६,८०० हून अधिक दाव्यांसाठी ४ अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली. त्यानंतर काही दावे पैसे देऊन उभे केल्याचे आरोप वृत्तपत्रांत आले. येथेच फादर बॉबींच्या साक्षीचे खरे मोल कळते. एका खोट्या शब्दामुळे शेकडो खऱ्या शब्दांकडे संशयाने पाहिले जाते.

आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने निरीक्षणगृहासारख्या संस्थेतील कर्मचाऱ्याने तेथील मुलावर केलेला असा अत्याचार अधिक गंभीर गुन्हा ठरविला आहे. विशेष न्यायालय भरपाईचा आदेश देऊ शकते, आणि ज्याला असा गुन्हा कळला त्याने तो पोलिसांना वा बाल पोलीस पथकाला कळविणे बंधनकारक आहे. झग्यामुळे कोणी त्या कर्तव्यातून सुटत नाही. फादर बॉबींना ती मुले वाचवायची होती, तर ती सुधारगृहात असतानाच कोणीतरी खरे बोलायला हवे होते. चित्रपट तेथे मौन पाळतो. आपण पाळू नये.