लहान संगणकावर आज्ञावली लिहायची कशात?

रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा २०२१ साली आलेला संगणक साडेसहा सेंटिमीटर लांब, तीन सेंटिमीटर रुंद. स्मृती ५१२ मेगाबाइट. त्यावर लिनक्स चालते. शाळेत तो आणला, की आज्ञावली कशात लिहायची हा प्रश्न येतो. पुष्कळ जण सवयीने व्हिज्युअल स्टुडिओ कोड निवडतात. हा संपादक (मासिकाचा नव्हे!) चांगलाच आहे, पण तो क्रोमियम ब्राउझरच्या इंजिनावर उभा आहे. अर्ध्या जीबीत आधी डेस्कटॉप, त्यावर हे इंजिन. न मावणारा भाग लिनक्सला इतरत्र हलवावा लागतो आणि सगळेच अडखळू लागते. मग ‘हा संगणकच टाकाऊ’ असे मुले ठरवून टाकतात. दोष निवडीचा असतो.

पायथनसाठी आम्ही थॉनी सुचवू. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात ते तयार झाले. त्यात आज्ञावली एकेक पायरीने चालवता येते आणि राशीच्या जागी तिची किंमत भरली जाताना दिसते, फळ्यावर आपण ‘क्ष’च्या जागी ५ मांडतो तसे. शिकवण्यासाठी याहून चांगली सोय आमच्या पाहण्यात नाही.

मात्र हीच सोय प्रयोगात फसवते. ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा संवेदक घ्या. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. म्हणजे १७ सेंटिमीटरवरच्या वस्तूपासून प्रतिध्वनी साधारण एका मिलिसेकंदात परततो. पायरीपायरीने जाताना आज्ञावली थांबते, ध्वनी थांबत नाही. मोजला जातो तो आपल्या बोटाचा वेळ! अशा वेळी आज्ञावली सलग चालवून आकडे छापून पाहावेत.

सी भाषेसाठी हलकी जीनी आणि जीसीसी पुरेत. लॅपटॉपवर नेहमीच्या पद्धतीने केलेले संकलन येथे चालत नाही, कारण बहुतेक लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा असतो. त्यासाठी निराळा संकलक घ्यावा, तर लॅपटॉपवरचे सी ग्रंथालय बोर्डावरच्यापेक्षा नवे निघते आणि आज्ञावली सुरूच होत नाही. शे-दोनशे ओळींसाठी हा खटाटोप कशाला? बोर्डावरच संकलन करावे.

एसएसएचने लॅपटॉपवरून जोडून व्हिज्युअल स्टुडिओ कोड वापरला तरी त्याचा एक भाग बोर्डावर चालतोच. त्यासाठी किमान १ जीबी स्मृती लागते असे निर्मातेच सांगतात. त्यापेक्षा टर्मिनलमधला नॅनो बरा.