पाकग्रंथांतील ‘साहित्य’

साहित्य ह्या शब्दाला मराठींत दोन घरें आहेत. एका घरीं काव्य, नाटक, कादंबरी हीं नांदतात. दुसऱ्या घरीं पाव वाटी सुकें खोबरें, दोन चमचे धने आणि चिमूटभर हिंग. पहिल्या साहित्यावर मासिकांचीं पानें दरमहा खर्चीं पडत असतात. दुसऱ्याकडे टीकाकार सहसा ढुंकूनही पाहत नाहींत. आणि तरीही सुशिक्षित कुटुंबांत जें एखादें मराठी पुस्तक खरोखर झिजेपर्यंत वाचलें जातें तें बहुधा पाककृतींचेंच असतें. पानांवर तेलाचे डाग, शिवण सुटलेली पाठ, समासांत पेन्सिलीनें केलेल्या दुरुस्त्या! असा वाचक आमच्या कवींच्या नशिबीं क्वचित् येतो. तेव्हां अशा ग्रंथांचें परीक्षण इतर वाङ्मयाप्रमाणेंच गंभीरपणें कां होऊं नये, असें आम्हांस वाटतें.

प्रत्येक वाङ्मयप्रकाराची एक मूळ कसोटी असते. नाटक रंगभूमीवर उभें राहिलें पाहिजे. चरित्रांत माणूस दिसला पाहिजे. पाकग्रंथाची कसोटी अशी कीं, त्यांत छापलेलें नांव घेऊन वाचक दुकानांत गेला असतां त्याला तीच वस्तु मिळावी, आणि मिळाली ती तीच आहे हें त्याला स्वतःला ओळखतां यावें. कृति त्यानंतरची. ह्या कसोटीला आमचे बहुतेक पाकग्रंथ उतरत नाहींत असें आमचें स्पष्ट मत आहे. त्यांतील कृति पुष्कळदां निर्दोष असते. परंतु आरंभीं ‘साहित्य’ म्हणून जी यादी दिलेली असते ती केवळ नामावळी असते. नांव लिहिलें, माप लिहिलें, कीं ग्रंथकार मोकळे झाले.

ह्याचें कारण शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं निघालें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० सालीं. आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालीं. ह्या शंभर वर्षांत मापाचा प्रश्न पुष्कळ अंशीं सुटला. ‘रुचिरे’नें घरांतली वाटी आणि चमचा हींच प्रमाण मानल्यामुळें नवशिक्या मुलींना केवढा आधार मिळाला हें सांगावयास नको. ओळखीचा प्रश्न मात्र मागेंच राहिला, कारण हा कांहीं प्रश्न आहे असें त्या काळीं कोणास वाटण्याजोगें नव्हतें. पुस्तक उघडणारीच्या शेजारीं आई, सासू किंवा थोरली जाऊ उभी असे. ‘हें नव्हे ग, तो पलीकडचा डबा,’ एवढ्या एका वाक्यानें पुस्तकाचें मौन भरून निघे. आजचा वाचक बंगळुरास किंवा न्यू जर्सीस दोन खोल्यांत राहतो. (तो पुष्कळदां पुरुष असतो, ही आमच्या मतें आनंदाचीच गोष्ट आहे.) त्याच्या शेजारीं कोणी उभें नाहीं. पुस्तक मात्र अजून पूर्वीइतकेंच अबोल आहे.

एक उदाहरण सविस्तर घेऊं. यादींत शहाजिरें आहे. शहाजिऱ्याला कित्येकजण काळें जिरें म्हणतात. हें दुसरें नांव घेऊन वाचक बंगाली दुकानदाराकडे गेला तर तो त्याच्या हातीं कलौंजी ठेवील, कारण त्याच्या भाषेंत ‘कालो जिरे’ म्हणजे कलौंजीच. काष्ठौषधीच्या दुकानीं गेला आणि बोलण्यांत थोडी गल्लत झाली तर कडू जिरें पदरीं पडावयाचें. तें जंतांवरचें औषध. आणि काळ्या दाण्यांच्या ह्या गर्दींत चौथे आमचे कारळे आहेतच, ज्यांची चटणी देशावर घरोघर होते. नांवांवरून हीं सगळीं एकमेकांचीं भावंडें वाटतात. वस्तुतः ह्या चौघांत जिऱ्याचें खरें आप्त एकटें शहाजिरें. तें धने-बडीशेपेच्या कुळांतलें. कलौंजी बचनागाच्या कुळांतली (तिला विष मात्र नाहीं), आणि कारळे व कडू जिरें हीं दोन्हीं सूर्यफुलाच्या गोतांतलीं.

हीं ओळखण्यास सूक्ष्मदर्शक यंत्र लागत नाहीं. शहाजिऱ्याचा दाणा साध्या जिऱ्याहून बारीक, तपकिरी-काळा, किंचित् वांकडा; बोटांत चुरडतांच गोडसर, धुरकट वास देणारा. कलौंजी कोळशासारखी काळी, निस्तेज, आंखूड आणि कोनाकोनांची; नुसती हुंगली तर वास जवळजवळ नाहींच. कारळे चकचकीत व लांबट. भाजल्यावांचून त्यांना सुगंध फुटत नाहीं. कडू जिऱ्याचा एक दाणा जिभेवर ठेवला म्हणजे पुढें वर्णनाची गरज उरत नाहीं. बाजारांत विलायती जिरें, म्हणजे कॅरवे, हेंही शहाजिरें म्हणून खपतें. पण त्या अदलाबदलींत मसाल्याचें फारसें नुकसान होत नाहीं, आणि हेंही सांगण्याजोगेंच आहे. इतकें सारें सांगावयास आम्हांस किती ओळी लागल्या? पाकग्रंथांत कोथिंबीर कशी पेरावी ह्यावर याहून अधिक जागा खर्च झालेली आम्ही पाहिली आहे.

इंग्रजी नांव दिलें कीं संदिग्धता गेली, असा आमच्या सुशिक्षितांचा एक आवडता भ्रम आहे. ‘ब्लॅक क्युमिन’ हें नांव इंग्रजींत शहाजिऱ्यासही लावतात आणि कलौंजीसही! मराठींतला घोटाळा समुद्रापलीकडे जाऊन तसाच परत आला, एवढाच त्याचा अर्थ. ‘कॉर्नफ्लोर’चें तसेंच. इंग्लंडांत आणि आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ मक्याचें सत्त्व, शुभ्र आणि चिमटींत करकरणारें. अमेरिकेंत ‘कॉर्न फ्लावर’ म्हणजे मक्याचें दळलेलें पीठ. सत्त्वाला तेथें ‘कॉर्नस्टार्च’ म्हणतात. पुण्यांत छापलेलें पुस्तक घेऊन शिकागोच्या दुकानांत उभी असलेली मुलगी पीठ घेऊन घरीं येते, सार दाट होत नाहीं, आणि दोष पुस्तकाच्या कृतीला मिळतो. आतां वस्तु उघड्या पोत्यांतून न मिळतां बंद पाकिटांतून मिळते. हुंगण्याची व चुरडून पाहण्याची सोय गेली, आणि ओळखीचा सगळा भार पाकिटावरील अक्षरांवर येऊन पडला. हीं अक्षरें तरी कोणत्या भाषेंत असावींत? २०२० सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणें तीं इंग्रजींत किंवा देवनागरी हिंदींत असलीं म्हणजे पुरें. अन्य भाषा ऐच्छिक. अर्थात् मराठी नांव सांगण्याची जबाबदारी पाकिटानें नाकारली तर ती मराठी पुस्तकानेंच पत्करली पाहिजे.

गोड्या मसाल्याच्या यादीपाशीं तर टीकाकारानें थोडें थांबावेंच. तींत नागकेशर असतें. वैद्यांच्या ग्रंथांतलें नागकेशर म्हणजे नागचाफ्याच्या फुलांतले केसर. परंतु वाण्याकडे ह्याच नांवाखालीं कधीं दालचिनीच्या जातीच्या झाडाच्या काळ्या कळ्या मिळतात, तर कधीं सुरंगीच्या तांबूस कळ्या. तीन झाडें, एक नांव. ग्रंथकर्त्रीच्या घरीं ह्यांपैकीं कोणतें घालीत होते हें तिच्याखेरीज कोण सांगणार? आणि तिनें तें सांगितलें नाहीं तर तिच्या मसाल्याचा वास तिच्या पुस्तकांत उतरला असें कसें म्हणावें? दालचिनीचीही तीच कथा. सिंहलद्वीपची खरी दालचिनी कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी वळलेली, हातानें चुरा होणारी; आपल्या बाजारांत बहुधा मिळते ती कॅसिया, एकाच जाड सालीची, मोडतांना कटकन् आवाज करणारी व अधिक तिखट. ‘एक इंच दालचिनी’ असें लिहिणारानें हा इंच कोणाचा तें सांगावयास हवें.

बाद्यान ऊर्फ चक्रीफूल ह्याविषयीं मात्र मौन केवळ चवीपुरतें राहत नाहीं. हकिमांच्या भाषेंत बादियान म्हणजे बडीशेप, आणि ‘बादियान-ए-खताई’, म्हणजे चीन देशची बडीशेप, तें आमचें चक्रीफूल. तेव्हां नांव अर्धें तोडून घेतलें तर वस्तु बदलते. इतकेंच असतें तर हंसून सोडून देतां आलें असतें. पण जपानांत शिकिमी म्हणून ह्याच्या जवळच्या नात्यांतलें एक झाड आहे. त्याचीं फळें वाळलीं म्हणजे चक्रीफुलासारखींच दिसतात, परंतु तीं विषारी असतात. तेथें धूपासाठीं हें झाड वापरतात, खाण्यासाठीं नव्हे. २००१ सालीं नेदरलँड्समध्यें चक्रीफुलाचा चहा पिऊन कित्येक लोक आजारी पडले, त्याचें मूळ ह्याच भेसळींत होतें. वाळलेलीं फळें नुसत्या डोळ्यांनीं वेगळीं काढणें कठीण, हें प्रांजळपणें सांगून, अनोळखी ठिकाणची सुटी चक्रीफुलें घेऊं नयेत एवढें तरी पाकग्रंथानें बजावावें.

कोकणांतील तिरफळाची गोष्ट अधिक करमणुकीची आहे. तिरफळास कांहींजण त्रिफळ म्हणतात. पंडितांना तें रूप अधिक शुद्ध वाटतें. मग पुस्तकांत त्रिफळ छापलें जातें, आणि घाटावरचा वाचक बांगड्याच्या आमटीसाठीं त्रिफळा, म्हणजे हिरडा-बेहडा-आंवळ्याचें चूर्ण, विकत घेण्याच्या बेतांत येतो. तिरफळाचें बाहेरचें टरफल तेवढें घ्यावयाचें, आंतील काळें बीं टाकून द्यावयाचें, हेंही यादींत क्वचितच असतें. बीं टाकलें नाहीं तर आमटींत वाळू पडल्यासारखें वाटतें. डाळिंब्या म्हणजे मोड आणून सोललेले वाल, डाळिंबाचे दाणे नव्हेत. कोकणांतले कुळीथ आणि देशावरचे हुलगे एकच. अशीं उदाहरणें देऊं तितकीं थोडीं.

आमच्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक होती. सोळाव्या शतकांतल्या ‘भावप्रकाशां’त जिरें एक नसून तीन सांगितलीं आहेत, पांढरें, काळें, आणि उपकुंचिका, म्हणजे कलौंजी. निघंटूंत एकेका द्रव्याला जीं पांच-दहा नांवें असतात तीं पुष्कळांना पांडित्याची हौस वाटते. वस्तुतः त्यांतलें एक नांव रंगाचें, एक वासाचें, एक गुणाचें असतें. नांव हेंच तेथें लक्षण होऊन बसतें. आणि ह्याच शतकांत, १५६३ सालीं, गोव्यांत गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ छापला गेला. तो सारा संवादरूप आहे. युरोपांतून नवा आलेला रुआनो नांवाचा कल्पित विद्वान् प्रश्न विचारतो. ओर्ता उत्तरें देतो. त्या वस्तूस अरबींत काय म्हणतात, गुजरातेंत काय म्हणतात, ती येते कोठून, हें सांगतो. आणि प्रसंगीं दासीकडून वस्तूच आणवून पाहुण्यापुढें ठेवतो. अनोळखी वस्तूपुढें उभ्या असलेल्या माणसाला काय विचारावेंसें वाटतें हें ज्याला कळलें त्याचा तो ग्रंथ आहे. आमच्या पाकग्रंथांत उत्तरें भरपूर असतात. रुआनो तेवढा नसतो.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, हल्लीं रंगीत छायाचित्रें छापतात, मग वर्णन कशाला? परंतु छायाचित्राला वास नसतो आणि बहुधा मापही नसतें. कलौंजी व कारळे पानभर मोठे करून छापले तर दोन्हीं सारखींच भव्य दिसतात. दुसरा आक्षेप रसिकांचा: इतकी चिकित्सा केली तर स्वयंपाकांतलें काव्य जाईल. ह्यास आमचें उत्तर आमच्या वर्गांतलें आहे. गेलीं तीस वर्षें आम्ही ‘डॅफोडिल’ ह्या शब्दावर विद्यार्थ्यांना टीप देत आलों आहों; फूल कसें असतें, केव्हां फुलतें, रंग कोणता. त्यानें वर्ड्‌स्वर्थच्या कवितेचें काव्य गेल्याची तक्रार कोणी केलेली नाहीं. मग दगडफुलावर टीप दिल्यानें गोड्या मसाल्याचें काय जाणार आहे?

दगडफुलाचें तर हालहाल झाले आहेत. तें फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल मिळून झालेली ती एक सजीव वस्तु, खडकांवर व झाडांच्या सालींवर वाढते. वरून राखी, खालून काळी, कागदाच्या जळक्या कपट्यांसारखी. पाकिटांत कचरा आला असें समजून तें निवडून टाकणारीं माणसें आम्हांस ठाऊक आहेत. ग्रंथकारही त्यांना मदत करतात. यादींत ‘दगडफूल, असल्यास’ असें लिहितात. ह्या ‘असल्यास’ शब्दासारखा घातक शब्द पाकवाङ्मयांत दुसरा नाहीं. ज्या वस्तूला तो चिकटतो ती पुढच्या आवृत्तीपर्यंत अर्ध्या स्वयंपाकघरांतून जाते. खपत नाहीं म्हणून वाणी ठेवीनासा होतो. आणि मग ‘मिळतच नाहीं’ म्हणून यादींतून नांवही निघतें. वस्तु वगळल्यानें काय कमी होतें, किंवा तिच्या जागीं काय चालेल व काय मुळींच चालणार नाहीं, हें सांगण्याचें धैर्य नसलें म्हणजे ‘असल्यास’ लिहितात. दगडफूल थोड्या तेलावर परतल्याशिवाय त्याचा वास सुटत नाहीं, हें एक वाक्य त्या जागीं पुरलें असतें.

नव्या आवृत्त्या काढणाऱ्या प्रकाशकांना आमची सूचना आहे कीं, पुस्तकाच्या शेवटीं पंधरा-वीस पानांचा एक निघंटु जोडावा. प्रत्येक वस्तूचीं प्रांतोप्रांतींचीं नांवें, रूप, वास, दुकानीं तिच्याऐवजीं काय हातीं पडण्याचा संभव असतो तें, आणि ग्रंथकर्त्रीच्या घरीं कोणता प्रकार वापरीत तें, इतकें त्यांत यावें. शास्त्रीय लॅटिन नांव द्यावयास हरकत नाहीं; परंतु तें घेऊन वाण्याकडे जातां येत नाहीं, म्हणून तें शेवटीं. आरंभ गोड्या मसाल्यापासून करावा. तेथें यादी सर्वांत लांब आहे, आणि ज्यांच्या हाताला तीं द्रव्यें डोळे मिटूनही ओळखतात अशा वृद्ध स्त्रिया अद्याप विचारावयास हयात आहेत.