नाडी न लागणारा आजार आणि निकषांची गल्लत

१९०८ साली जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासु यांना एका २१ वर्षांच्या तरुणीच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्यांची पुष्पचक्रासारखी गुंफण दिसली. अशाच इतर रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही, हेही तेव्हा लक्षात आले. डोळा आणि मनगट यांना जोडणारा दुवा म्हणजे महारोहिणी. तिच्या व तिच्या शाखांच्या भिंतींना दाह होतो, भिंत जाड होते आणि आतली पोकळी अरुंद होते.

या दुर्मीळ रोगासाठी १९९० मध्ये अमेरिकेत सहा निकष ठरले. पैकी तीन जुळले की पुरे. अचूकता नव्वद टक्क्यांहून अधिक! पण ती मोजली कशी? ६३ रुग्णांची तुलना रक्तवाहिनीदाहाच्याच इतर ७४४ रुग्णांशी करून. आंबा आणि फणस वेगळे ओळखता आले, म्हणून आंबा आणि दगड वेगळे ओळखता येतील असे सिद्ध होत नाही. रोहिणीत मेद साचून ती अरुंद झाली असेल, तर हे निकष फसू शकतात. शिवाय सहापैकी बरेचसे हाताभोवती घोटाळणारे. भारतात पोटातील महारोहिणी व मूत्रपिंडाच्या रोहिण्या बऱ्याचदा ग्रासलेल्या असतात आणि रुग्ण येतो तो वाढलेला रक्तदाब घेऊन.

१९९४ च्या टोकियो परिषदेतील पाच प्रकार अँजिओग्राफीवर बेतलेले आहेत. अँजिओग्राफीत दिसते ती पोकळी, भिंत नव्हे. म्हणजे पूर ओसरल्यावर पडझडीची नोंद करावी, तसे हे वर्गीकरण. एमआरआय आणि सोनोग्राफीने जाड झालेली भिंतच दिसू लागली, ही खरी प्रगती. २०१८ च्या युरोपीय शिफारशींनी म्हणूनच एमआरआयला पहिली पसंती दिली.

२०२२ च्या अमेरिकी-युरोपीय निकषांत प्रतिमा-तपासणीतला पुरावा सक्तीचा झाला, वयाची मर्यादा ४० वरून ६० वर गेली, आणि महारोहिणीच्या पोटातील भागासह मूत्रपिंडाची किंवा आतड्याची रोहिणी बाधित असेल तर तीन गुण मिळू लागले. पाच गुण झाले की रोगी या वर्गात. हे आम्हाला पटते. स्त्री असल्याचा एक गुण मात्र खटकतो. रोगी पुरुष असेल तर तो एक पाऊल मागूनच निघतो.

मुळात हे निकष संशोधनासाठी सारखे रुग्ण निवडायला आहेत. मोठ्या किंवा मध्यम रक्तवाहिन्यांच्या दाहाचे निदान आधी झालेले असावे, असे त्यांतच स्पष्ट लिहिले आहे. तरीही गुणांची बेरीज हेच निदान मानण्याची सवय जात नाही. चार गुण मिळालेल्या मुलीच्या रोहिणीला ही बेरीज ठाऊक नसते.