पंधरा आणे दलाली

मॅक्रो लेन्स घेतली की यापुढे कॅमेऱ्यावर एक पैसाही खर्च होणार नाही, असं मी घरात जाहीर केलं होतं. अगदी मनापासून केलं होतं. कर्जाचा फॉर्म भरताना कर्जदारही मनापासूनच बोलत असतो, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने इतकी वर्षं पाहत आलो आहे.

मॅक्रो लेन्सचा व्यवहार मोठा सरळ. वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा आत सेन्सरवर पडते. एकास एक. उधारी नाही, सूट नाही. माझी लेन्स कॅननची, १०० मिलिमीटरची. तिच्यातून मुंगळ्याकडे पाहिलं की हातातला कॅमेरा टाकून पळावंसं वाटतं. दोन वर्षं मी मुंगळ्यांवर सुखात काढली. मग गॅलरीतल्या कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराने अंडं घातलं.

अंडं फिकट पिवळं, गोल आणि जेमतेम मिलिमीटरभर. माझ्या सेन्सरची रुंदी २२ मिलिमीटर. म्हणजे फोटोत अंड्याच्या वाट्याला रुंदीचा बाविसावा हिस्सा आणि बाकी सगळा कढीपत्ता. त्यातून आमच्या मातोश्री! मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या 'दिवाळी होऊ दे' म्हणत पुढे ढकलताहेत. कुठली दिवाळी, हे मात्र सांगत नाहीत. त्यांना अंडं दिसत नव्हतं, सबब ते अस्तित्वात नव्हतं. दिसत होती ती आधीच्या अळ्यांनी कुरतडलेली पानं.

"रविवारी हा फांटा छाटून टाकते," आई म्हणाली.

"अगं, त्यावर अंडं आहे."

"कुठाय? दाखव."

आता आली का पंचाईत! रविवारला तीन दिवस होते. अंडं फुटायलाही साधारण तेवढेच.

अशा वेळी माणूस सावकाराकडे जातो. कॅमेऱ्याच्या जगात या सावकाराला टेलिकन्व्हर्टर म्हणतात. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारा हा भिंगांचा बुटका डबा. जातच दलालाची. १.४ पटीचा घेतलात तर प्रतिमा १.४ पट मोठी होते आणि एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, तो दलाली म्हणून ठेवून घेतो. दुप्पटीचा घेतलात तर दोन स्टॉप जातात. रुपयातले चार आणे हाती येतात.

बरं, घरचाच माणूस बरा म्हणून कॅननचाच कन्व्हर्टर घ्यावा, तर गोत्र जुळत नाही. त्याचं पुढचं भिंग चोचीसारखं बाहेर आलेलं असतं आणि या १०० मिलिमीटरच्या मॅक्रोत ती चोच मावत नाही. हे कंपनी स्वतःच सांगते. तिच्याच १८० मिलिमीटरच्या मॅक्रोशी मात्र त्याचं उत्तम जमतं. केंकोच्या टेलिप्लसला चोच नाही. तो कुणाच्याही पंगतीला बसतो, म्हणून माझ्यासारख्यांचा तोच आधार. मी १.४ आणि दुप्पट असे दोन्ही दोन दिवसांच्या भाड्याने आणले. विकत घेण्यापूर्वी तारण तपासावं, हे मला नोकरीने शिकवलं आहे.

पहिली परीक्षा नोटेवर. गांधीजींच्या चित्रालगत जी बारीक अक्षरं छापलेली असतात, त्यांच्याइतका कडक परीक्षक नाही. (फोटो काढला नाही. नुसतं पाहिलं. मला पेन्शनपर्यंत पोचायचं आहे.) १.४ लावल्यावर अक्षरं मोठी झाली आणि कडा शाबूत राहिल्या. दुप्पटीला ती आणखी मोठी झाली, पण जरा पेंगुळल्यासारखी. कन्व्हर्टर नुसती प्रतिमा वाढवत नाही, मूळ लेन्सचे दोषही इमानाने वाढवतो. मॅक्रो लेन्स मुळात चोख असते म्हणून हे ओझं सोसते. कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या झूमवर हा प्रयोग करू नये.

खरी गंमत उजेडाच्या हिशेबात आहे आणि ती दुकानदार सांगत नाही. एकास एकपर्यंत जवळ गेलं की मॅक्रो लेन्स स्वतःच दोनेक स्टॉप गिळून बसलेली असते. त्यावर दुप्पटवाल्याचे दोन. एकूण चार. दर स्टॉपला निम्मं, म्हणजे रुपयाचे आठ आणे, चार आणे, दोन आणे आणि शेवटी एक आणा. पंधरा आणे दलालीत! बी.कॉम. झाल्यापासून इतका भीषण ताळेबंद मी पाहिला नव्हता. बरं, सगळं स्पष्ट यावं म्हणून छिद्र बारीक करावं, तर लेन्सवर ८ लावलेला आकडा प्रत्यक्षात ३२च्या घरात जातो आणि उजेड छिद्राच्या कडेला पसरून चित्र पुन्हा मऊ होतं.

मग नुसत्या पोकळ नळ्या का घेऊ नयेत? केंकोच्याच १२, २० आणि ३६ मिलिमीटरच्या तीन मिळतात. आत भिंगच नाही, त्यामुळे बिघडवायलाही काही नाही. उजेड तिथेही जातोच. पण नळी लावली की विषयाच्या आणखी जवळ सरकावं लागतं. माझ्या लेन्सच्या टोकापुढे एकास एकला जेमतेम १५ सेंटिमीटर जागा उरते. अंड्याची हरकत नसते, पण कढीपत्त्याच्या फांद्या लेन्सच्या नाकात जातात आणि उडी मारणारा कोळी तर तेवढ्यात पुढच्या गॅलरीत पोचतो. कन्व्हर्टरचा मोठा गुण हाच: अंतर तेवढंच राहतं, प्रतिमा वाढते. या एका गुणासाठी मी त्याला उरलेले गुन्हे माफ केले.

तेव्हा माझा निकाल असा. हातात कॅमेरा घेऊन जिवंत, चंचल किड्यांमागे फिरणाऱ्याने १.४च घ्यावा. दुप्पटवाला हलणाऱ्या जीवांसाठी नाही. तो तिकाटणं, फ्लॅश आणि सहनशील कुटुंब असलेल्यांसाठी. मी १.४ विकत घेतला. पण शनिवारी, परत करण्याआधी, दुप्पटवालाच लावला. फांटा सुतळीने काठीला बांधला, फॅन बंद केला, चाळीसेक फोटो काढले. त्यातला एक बरा आला.

तो टीव्हीवर लावून आईला बोलावलं. ती खुर्ची ओढून पडद्याजवळ गेली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"साबुदाणा आहे," ती म्हणाली. "एवढे पैसे घालून साबुदाणा?"

"तेच अंडं, आई."

ती बराच वेळ काही बोलली नाही.

रविवारी पोह्यांना फोडणी देताना आत कढीपत्ता नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "समोरच्या वहिनींकडून आण दोन पानं. आपल्याला हात लावायचा नाही अजून." आणि मग, गॅस बारीक करत, "तो डोळ्यांचा डॉक्टर सोमवारी असतो का रे?"