सर्वसंमती आणि मतपेटी : संसदीय पक्षनेत्याच्या निवडीची एक चिकित्सा

भारतीय राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदानुसार पंतप्रधानांची नियुक्ती राष्ट्रपती करतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. बहुमतातील पक्षाने आपला नेता कसा निवडावा, याविषयी मात्र घटना मौन पाळते. घटनाकारांनी ब्रिटिश प्रथेवर विसंबून ही जागा मोकळी ठेवली. त्या मोकळ्या जागेत देशातील सर्वांत महत्त्वाची निवड घडत असते, आणि ती बहुधा कोणत्याही लिखित नियमाच्या कसोटीला उतरत नाही. प्रस्तुत लेखात या निवडीच्या दोन पद्धती, म्हणजे सर्वसंमती आणि मतदान, यांची तुलना काँग्रेस संसदीय पक्षाच्या १९६४ व १९६६ या दोन प्रसंगांच्या आधारे केली आहे. आपल्याकडील राजकीय लेखनात १९६४ चा प्रसंग परिपक्वतेचा आणि १९६६ चा सत्तास्पर्धेचा नमुना म्हणून रंगविला जातो. हे मूल्यमापन उलटे करून पाहण्याची गरज आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नेहरूंच्या हयातीतच ‘नेहरूंनंतर कोण?’ हा प्रश्न चर्चेत होता. अमेरिकन पत्रकार वेल्स हँगेन यांनी १९६३ मध्ये याच शीर्षकाचे पुस्तक लिहिले व त्यात आठ व्यक्तींचा विचार केला. त्यांत यशवंतराव चव्हाण आणि स. का. पाटील ही महाराष्ट्रातील दोन नावे होती. त्याच वर्षी कामराज योजनेखाली मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवनराम, स. का. पाटील आदी केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे दिले. संघटनेच्या कामासाठी दिलेले हे राजीनामे वारसाच्या शर्यतीवरही परिणाम करून गेले, कारण मोरारजींचे मंत्रिमंडळातील ज्येष्ठत्व त्यामुळे संपुष्टात आले. शास्त्री १९६४ च्या आरंभी बिनखात्याचे मंत्री म्हणून परतले. मोरारजी परतले नाहीत.

२७ मे १९६४ रोजी नेहरूंचे निधन झाले. गुलझारीलाल नंदा यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून त्याच दिवशी शपथ घेतली. काँग्रेसचे अध्यक्ष कामराज यांनी खासदार, मुख्यमंत्री आणि प्रदेश पुढारी यांच्याशी एकेकट्याने बोलून मत अजमावले व शास्त्रींच्या बाजूने सर्वसंमती असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. २ जून रोजी संसदीय पक्षाने शास्त्रींची एकमताने निवड केली. नंदांनी नाव सुचविले आणि मोरारजींनी अनुमोदन दिले. सहा दिवसांत हे सारे शांतपणे पार पडले. नेहरूंनंतर देश दुभंगेल असे भाकीत करणाऱ्या परदेशी निरीक्षकांना हे चोख उत्तर होते, आणि या यशाचे श्रेय कामराज यांना दिलेच पाहिजे.

तथापि, पद्धतीचे मूल्यमापन केवळ परिणामावरून करता येत नाही. कामराज यांनी किती जणांना विचारले, कोणी काय सांगितले, मुख्यमंत्र्याच्या एका शब्दाचे वजन किती खासदारांच्या मताइतके धरले, याचा कोणताही हिशेब संसदीय पक्षापुढे मांडला गेला नाही. मोजणारा, तोलणारा आणि निकाल देणारा एकच होता. शिवाय मोजणाऱ्याला निकालाविषयी स्वतःची पसंती होती. मोरारजी नकोत यावर ‘सिंडिकेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रादेशिक पुढाऱ्यांचे १९६३ पासूनच एकमत होते. अशा स्थितीत सर्वसंमती हा शब्द वस्तुस्थितीचे वर्णन न राहता विरोधकाला दिलेली सूचना ठरतो : तुम्ही हरला आहात, आता अनुमोदन द्या. मोरारजींनी ते दिले. किती जण त्यांच्या पाठीशी होते हे मात्र कायमचे अज्ञात राहिले.

११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे शास्त्रींचे अकाली निधन झाले. नंदा पुन्हा हंगामी पंतप्रधान झाले. या वेळी मोरारजींनी सर्वसंमतीचा मार्ग नाकारला आणि मतदानाचा आग्रह धरला. यशवंतराव चव्हाणांचे नाव चर्चेत होते, परंतु ते रिंगणात उतरले नाहीत. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने मुख्यमंत्र्यांचा मोठा गट इंदिरा गांधींच्या मागे उभा राहिला. १९ जानेवारी रोजी दोन्ही सभागृहांतील काँग्रेस सदस्यांनी गुप्त मतदान केले. इंदिरा गांधींना ३५५ आणि मोरारजींना १६९ मते पडली. नेत्याच्या निवडीतून थेट पंतप्रधान ठरावा आणि त्यासाठी काँग्रेस संसदीय पक्षात खरोखरीची मतमोजणी व्हावी, असा हा प्रसंग आपल्या इतिहासात अपवादात्मक आहे.

योगायोग असा की, ब्रिटनमधील हुजूर पक्षानेही आपला नेता मतदानाने निवडण्यास नुकताच आरंभ केला होता. १९६३ मध्ये सर अ‍ॅलेक डग्लस-होम यांची निवड ज्येष्ठांच्या सल्लामसलतीतून झाली व तीवर इतकी टीका झाली की, पक्षाला नियम करणे भाग पडले. जुलै १९६५ मध्ये एडवर्ड हीथ यांना १५०, रेजिनाल्ड मॉडलिंग यांना १३३ आणि इनॉक पॉवेल यांना १५ मते मिळाली. तिकडे हा बदल टिकला, इकडे टिकला नाही. तिकडे नियम लिहिला गेला होता. इकडे एका उमेदवाराच्या हट्टापायी मतदान झाले, हे त्याचे एक कारण असावे.

१९६६ च्या मतदानावर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळता कामा नये. पुढील वर्षी सार्वत्रिक निवडणूक होती. उमेदवारी मिळविण्यासाठी खासदाराला राज्यातील पुढाऱ्यांची मर्जी राखणे आवश्यक होते. म्हणजे मतपेटी उघडण्यापूर्वीच निकाल राज्यांच्या राजधान्यांत ठरला होता. खासदारांनी त्यावर केवळ शिक्का मारला. हा आक्षेप बराचसा खरा आहे. परंतु त्यातून १६९ या आकड्याचा उलगडा होत नाही. पक्षाध्यक्ष, बहुतेक मुख्यमंत्री आणि सिंडिकेट यांचा कल उघड असताना सुमारे एक तृतीयांश सदस्यांनी उलट मत दिले. हे केवळ गुप्त मतदानामुळे शक्य झाले. सर्वसंमतीच्या पद्धतीत या १६९ जणांचे अस्तित्वच नोंदले गेले नसते.

नोंदलेल्या मतभेदाला पुढे काही वजन प्राप्त होते. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे संख्याबळ ५२० पैकी २८३ पर्यंत घसरल्यावर नेतेपदाची दुसरी लढत टळली ती तडजोडीने. मोरारजी उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री झाले. त्यांच्या मागे किती जण उभे राहू शकतात हे सर्वांना ठाऊक नसते, तर ही तडजोड इतक्या सहज झाली असती काय? विजयी पक्षाविषयीही हेच म्हणता येईल. इंदिरा गांधींना ‘गूंगी गुडिया’ म्हणून हिणविले गेले, त्यांना सिंडिकेटने बसविले असे सांगितले गेले. पण मतमोजणीमुळे त्यांच्या अधिकाराचे उगमस्थान कामराज यांचा शब्द न राहता ३५५ सदस्यांचे मत हे झाले. बसविणाऱ्यांना याचा अर्थ उशिरा कळला.

तो कळला नोव्हेंबर १९६९ मध्ये. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांच्या गटाने इंदिरा गांधींना पक्षातून काढले आणि संसदीय पक्षाने नवा नेता निवडावा, असे फर्मावले. बहुसंख्य खासदारांनी ते धुडकावून आपला जुना नेता कायम ठेवला. चव्हाणही, राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीच्या वेळी विरुद्ध बाजूला उभे राहिल्यानंतर, या बहुसंख्येबरोबर राहिले. नेता संघटनेचा की निवडून आलेल्या सदस्यांचा, या प्रश्नाला त्या वेळी सदस्यांनी उत्तर दिले. दुर्दैवाने ज्या नेत्याने या तत्त्वाचा लाभ घेतला त्याच नेत्याच्या काळात संसदीय पक्षातील स्पर्धा लयाला गेली.

काँग्रेसेतर पक्षांनी यापेक्षा वेगळे काही केले, असे म्हणता येत नाही. मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाच्या नवनिर्वाचित खासदारांनी मोरारजी, जगजीवनराम आणि चरणसिंग यांच्यातील निवड जयप्रकाश नारायण व आचार्य कृपलानी यांच्यावर सोपविली. दोघेही संसदेचे सदस्य नव्हते. अकरा वर्षांपूर्वी मतपेटीचा आग्रह धरणारे मोरारजी मतपेटीवाचून पंतप्रधान झाले, हा इतिहासाचा विनोदच. न मोजलेली नाराजी अठ्ठावीस महिन्यांनी लोकसभेतच मोजण्याची वेळ आली. १ डिसेंबर १९८९ रोजी जनता दलाने केलेला प्रकार तर याहून खालच्या पातळीचा. देवीलाल यांची निवड जाहीर झाली, त्यांनी तेथेच विश्वनाथ प्रताप सिंग यांचे नाव पुढे केले आणि चंद्रशेखर संतापून बाहेर पडले. त्या सभागृहात खुले मतदान घेतले असते तर सिंग बहुधा जिंकले असते; म्हणूनच त्या बनावाचे समर्थन अधिक अवघड होते.

१९९८ मध्ये काँग्रेस संसदीय पक्षाच्या घटनेत दुरुस्ती होऊन संसदेचा सदस्य नसलेल्या व्यक्तीलाही त्याचे अध्यक्षपद मिळू शकेल, अशी तरतूद झाली. सोनिया गांधी त्या पदावर आल्या आणि लोकसभेतील विरोधी पक्षनेतेपद शरद पवारांकडे राहिले. १९६९ मध्ये खासदारांनी दिलेले उत्तर अशा रीतीने खासदारांनीच मागे घेतले.

आता या प्रश्नाला कायद्याचे परिमाण प्राप्त झाले आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टात ‘विधिमंडळ पक्ष’ आणि ‘मूळ राजकीय पक्ष’ असा भेद केला आहे. महाराष्ट्रातील शिवसेनेच्या फुटीविषयी सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी दिलेल्या निकालात प्रतोद व सभागृहातील नेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही, असे म्हटले. पक्षांतराला आळा घालण्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष सुसंगत आहे. निवडून आलेल्या गटाने मूळ पक्षापासून नाळ तोडून स्वतःलाच पक्ष म्हणवून घ्यावे, हे परिशिष्टाला अभिप्रेत नाही. परंतु हाच तर्क मागे नेला तर नोव्हेंबर १९६९ मध्ये निजलिंगप्पांचे फर्मान योग्य आणि खासदारांचा निर्णय अयोग्य ठरतो. त्या वेळीही मूळ पक्ष कोणता हाच वाद होता, आणि दोन्ही बाजू आपणच खरी काँग्रेस असल्याचे सांगत होत्या. संघटनेचा अधिकार मान्य करायचा तर संघटनेतील निवडणुका खऱ्या असाव्या लागतात, आणि त्या तशा आहेत की नाहीत हे तपासण्याची कोणतीही तरतूद दहाव्या परिशिष्टात नाही.