दाराआडचा ड्रॉवर

मानकोली नाक्यापाशी गोदामांच्या ओळीत थोडा वेळ उभं राहिलं की एक गोष्ट हमखास दिसते. कंटेनर फलाटाला पाठ लावण्याआधी जरा अलीकडेच थांबतो. क्लीनर उतरतो, उभे दांडे फिरवतो, मागची दोन्ही दारं उघडतो आणि पार मागं नेऊन कंटेनरच्या अंगाला टेकवून अडकवून ठेवतो. दार जवळजवळ २७० अंशांत फिरलेलं असतं. मग गाडी रिव्हर्स घेऊन फलाटाला लागते आणि आतला माल पॅलेटसकट ओढून बाहेर काढतात. आधी दार, मग माल, आणि दाराने मालाच्या वाटेत यायचं नाही.

आमच्या स्वयंपाकघरातलं ओट्याखालचं कपाट याच जातीचं. बाहेरून पाहिलं तर दोन दारांचं, सपाट, गप्प. दारं उघडली की आत एकावर एक तीन ड्रॉवर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एक वाटी डाळ घ्यायला दोनदा उघडायचं?" आक्षेप खोटा नाही. या रचनेवर घेता येईल असा सर्वांत मोठा आक्षेप तोच, आणि तो मनात ठेवूनच हे कपाट वाचायला हवं.

घरातल्या दाराला कंटेनरसारखं मागं जाऊन टेकायला जागा नसते. शेजारी दुसरं कपाट, त्यापलीकडे फ्रिज किंवा भिंत. दार काटकोनात आलं की थांबतं, आणि तिथेही ते आतल्या मोकळ्या जागेत किंचित डोकावतंच. शिवाय बिजागरीचा हात बाजूच्या फळीवरून आत आलेला असतो. त्यामुळे ड्रॉवर आणि दार या दोघांनाही नेमकी तीच बोटभर जागा हवी असते. आधीच्या भाड्याच्या घरात एका सुताराने ड्रॉवर कपाटाच्या पूर्ण रुंदीचा केला होता. तो ओढला की दाराच्या कडेवर आपटायचा. महिन्याभरात तिथला मायका उचकटला.

इथल्या मिस्त्रींनी माप घेतानाच सांगितलं, "वहिनी, दोन्हीकडे आतून एकेक पट्टी जाणार." मी म्हटलं, "मग जागा जाईल ना!" "जाईल. पण ड्रॉवर येईल."

हिशेब असा. कपाट बाहेरून ६०० मिमी. बाजूच्या दोन फळ्या १८ मिमीच्या, म्हणजे आत उरले ५६४. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनलला दोन्हीकडे १३-१३ मिमी लागतात, म्हणजे ५३८. त्यातून पट्ट्यांचे आणखी ३६ वजा केले की ड्रॉवर ५०२ मिमीचा. दार एकच असतं तर बिजागरीच्या बाजूची एक पट्टी पुरली असती. आणि बिजागरी झिरो क्रँक, म्हणजे दार फळीच्या तोंडावर बसणारं, म्हणून एवढ्यावर भागलं. दार चौकटीच्या आत बसवायचं असतं, पंधरा क्रँक लावून, तर दाराची सगळी जाडी आत आली असती आणि पट्टी आणखी रुंद करावी लागली असती. वाटेतून पूर्ण बाजूला होणाऱ्या, जास्त अंशांत उघडणाऱ्या महाग बिजागऱ्याही मिळतात. पण मला ही पट्टी आवडते. ती दिसत नाही, तिच्यात काही ठेवता येत नाही, आणि सगळं कपाट तिच्या जोरावर चालतं. दहावीला रसग्रहण लिहिताना आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य असे मुद्दे पाडून घेत. या कपाटातलं सौंदर्य कुठल्या मुद्द्याखाली घालायचं म्हटलं, तर मी त्या सोडून दिलेल्या ३६ मिलिमीटरांकडे बोट दाखवीन.

दुसरी जागा ड्रॉवरच्या तोंडाची. त्याला मूठ नाही, कारण मूठ दाराला आतून टेकली असती. तोंडाची फळीच बुटकी ठेवून मधोमध उथळ खाच काढली आहे. बोटं तिथं आपोआप जातात, आणि फळी बुटकी असल्यामुळे दार उघडताच तिन्ही ड्रॉवरमधले डबे वरून दिसतात. बाहेर तोंडं असलेल्या ड्रॉवरना हे साधत नाही. तिथे डाळ कुठल्या खणात आहे ते लक्षात ठेवावं लागतं. १९२६च्या प्रसिद्ध फ्रँकफुर्ट स्वयंपाकघरात मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी तांदूळ-साखरेसाठी ॲल्युमिनियमचे ओढून काढायचे डबे ओळीने बसवले होते, आणि प्रत्येकावर आतल्या जिनसाचं नाव होतं. आमच्या कपाटाला नावं लागत नाहीत.

तसं हे आपल्याला नवं नाही. गोदरेजचं पोलादी कपाट १९२३ पासूनचं. मोठं दार, आत लॉकर, लॉकरमध्ये चोरकप्पा. बाहेरचं दार सताड उघडल्याशिवाय आतलं काही हलत नसे. तिथे दाराआडचं दार दागिन्यांसाठी होतं, इथे तूरडाळीसाठी. वाड्यांतल्या भिंतीत कोरलेल्या फडताळाला दारं होती, पण आत स्थिर फळ्या. मागची बरणी काढायला पुढच्या चार जमिनीवर उतरवाव्या लागत. वीस इंची चॅनलवर आलेला ड्रॉवर ते मागचं टोक पुढं आणून देतो.

आणि दोनदा उघडण्याचं? सासूबाईंनी त्यावर परस्पर तोड काढली. सकाळी ओट्याशी आल्या की दोन्ही दारं उघडून ठेवतात. भाजी, आमटी, भाकरी होईपर्यंत ती तशीच. मग ड्रॉवर एकाच ओढीचे. शेवटची भाकरी उतरली की दारं लागतात.

फक्त कधी तरी एक दार बोटभर उघडंच राहतं, कितीही ढकललं तरी. मग त्या न पाहताच म्हणतात, "मधला आत गेला नाही." दार उघडून गुडघ्याने तो ढकलतात, आणि दार मिटतं.