कोयता, गोंदण आणि समोरचा कॅमेरा

सेल्फीला कला म्हणावं का, हा वाद आता शिळा झाला. इतकी माणसं रोज स्वतःची प्रतिमा घडवत असतील, तर तिचं बरं-वाईट एखाद्या चित्रासारखंच गांभीर्याने सांगायला हवं. अहिल्यानगर जिल्ह्यापुरतं माझं मत असं: डोंगर-धबधब्यांवरची सेल्फी साचेबद्ध झाली आहे, लग्नसराईतली गुळगुळीत, आणि या कलेतला जिवंतपणा आज उसाच्या फडात आहे.

भंडारदरा, रंधा धबधबा, कळसूबाईचा 1646 मीटर उंचीचा माथा. माणसं वेगळी, चौकट तीच: चेहरा पुढे, खांद्यामागे बोटभर निसर्ग. यात तंत्राचाही वाटा आहे. 2018 मध्ये अमेरिकी संशोधकांनी गणिताने दाखवून दिलं की 12 इंचांवरून टिपलेलं नाक 5 फुटांवरून टिपलेल्यापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद भासतं. मग ते सावरायला फिल्टर येतो. तो नाक बारीक करतो, रंग उजळतो, कातडी सपाट करतो. आजीबरोबर काढलेल्या सेल्फीत तिच्या हनुवटीवरचं हिरवं गोंदण पुसट होतं, कारण यंत्राच्या लेखी तो डाग. नातीला त्यात काही वावगं वाटत नाही, हे मला जास्त लागतं.

चित्रातलं माणूस पुसण्याचा प्रकार नगरला नवा नाही. 1565च्या तालिकोटच्या लढाईनंतर आफताबी नावाच्या कवीने इथल्या सुलतानाच्या, हुसेन निजामशहाच्या, स्तुतीचं फारसी काव्य रचलं, ‘तारीफ-ए-हुसेनशाही’. त्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यात सुलतानाच्या शेजारी राणी खुंजा हुमायूं, म्हणजे चांदबीबीची आई, बसलेली दाखवली होती. दरबारी चित्रांत राणी अशी उघड, सुलतानाच्या जोडीने दिसणं फार दुर्मीळ. हुसेनच्या मृत्यूनंतर तिने अल्पवयीन मुलाच्या नावाने कारभार पाहिला, 1569 मध्ये ती कैदेत पडली, आणि पोथीतल्या तिच्या बहुतेक आकृत्या पुसून टाकण्यात आल्या. सुलतान जागेवर, दासी जागेवर, शेजारी नुसता रंगाचा फराटा. स्वतःच्या प्रतिमेवर तिचा हक्क नव्हता, दरबाराचा होता. आज फोन आपल्याच हातात आहे, तरी काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे आपण फोन बनवणाऱ्यांवर सोडून दिलंय.

म्हणून ऊसतोड मजुरांचे रील मला मोलाचे वाटतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-जामखेडकडून टोळ्या निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर. बाईच्या कामाची वेगळी नोंद नसते. तीच बाई मोळीला टेकवून फोन उभा करते. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, पाचटाने ओरबाडलेले हात. दोन-तीन कांड्या खाली पाडते आणि मग मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघते. हात कामात, म्हणून फोन लांब. त्यामुळे नाक नाकाच्या जागी राहतं. फड, बैलगाडी, झोपडीपुढे खेळणारं पोर, सगळं चौकटीत मावतं. वहीत अर्धा कोयता असलेली बाई इथे पुरी दिसते, आणि तशी दिसायचं तिने स्वतः ठरवलेलं असतं. व्यक्तिचित्राकडून याहून वेगळं काय मागायचं?

या रीलमध्ये उणिवा आहेत. गाणं बहुधा उसनं, कापाकापी ओबडधोबड, आणि एकीचं गाजलं की तसेच दहा निघतात. पाहणारे कष्टांचं कौतुक करून पुढे सरकतात, मजुरीचा दर कुणी विचारत नाही. पण हा दोष करणारीचा नाही.

मोठी अडचण जपणुकीची आहे. स्टेटस 24 तासांत जातं, फोन फुटला की उरलेलंही जातं. नगर शहरात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. त्याने असे रील, करणाऱ्या बाईच्या संमतीने आणि तिच्या नावानिशी, मागून घ्यावेत. साल, गाव, कारखाना यांची नोंद करावी. पाथर्डी-जामखेडच्या महाविद्यालयांतली मुलं हे काम अंगावर घेऊ शकतील, कारण त्यांतल्या कित्येकांची आई त्याच फडात असते. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळ्या गावी परततात. फोनमधलं बरंचसं तोवर शाबूत असतं, तेव्हाच घरोघर जाऊन मागावं.